भर रस्त्यातली पाळ

धानामागून पेरलेली लाखोळीची डाळ उपटून झाली की आमच्या मुलखात शेताला फारसं काम उरत नाही. धान कधीच घरात आलेलं असतं, मोहाची फुलं अजून गळायची असतात. मधल्या त्या दिवसांना पंचांगात नाव नाही. आम्ही त्यांना मातीचे दिवस म्हणतो. तळ्यांचं पाणी खाली बसतं, काठचा गाळ उघडा पडून त्याला भेगा जातात, आणि माणसं टोपल्या घेऊन तळ्यात उतरतात. गाळ काढायचा आणि पाळीवर नेऊन टाकायचा. पाळ म्हणजे तळ्याचं पाणी अडवणारा मातीचा बांध. आमच्या बोलीत पार. घरटी टोपल्या ठरलेल्या. ज्याच्या शेताला त्या तळ्याचं पाणी पोचत नाही तोही टाकतो. पाळ गावाची असते, तिथे तुझंमाझं चालत नाही.

काल दुपारी घरावरून गाळाने भरलेली गाडी गेली. कोणाच्या तरी बागेत चालली असेल. मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. वास आला आणि हात थांबले. वाळलेल्या शेवाळाचा, मेलेल्या गोगलगाईंचा, कुजलेल्या कमळदेठांचा तो वास. शहाण्या माणसाने नाकाला पदर लावावा असाच. मी छाती भरून घेत राहिले, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. शेजारची सून ओरडली, "आजी, नाक झाका ना! कैसी बदबू आ रही है!" गोंदियातल्या पोरींची जीभ अशीच, अर्धी इकडची अर्धी तिकडची. मी म्हटलं, "तुले बदबू, मले माहेर." ती हसली. म्हातारी काहीतरी बोलते असं तिला वाटलं असेल. वाटू दे.

माझं माहेर नवेगाव बांधचं. अंगणातून दोन पावलं टाकली की पाणी, आणि पाण्यापलीकडे डोंगर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरासमोर असं पाणी असतं. आम्ही कोहळी. तळी बांधणारी माणसं. देवाने डोंगर केले आणि कोहळ्याने त्यांच्यामधे पाणी अडवलं, असं आमच्यात म्हातारे मिशीला पीळ देऊन सांगायचे. त्यात देवाचा वाटा जरा कमीच धरलेला असे. इंग्रजांचा अंमल होता, दुसरी लढाई अजून लांब होती, तेव्हा मी लग्न होऊन गोंदियाला आले. माप ओलांडून आत गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि समोर पाहिलं. समोर खड्डा होता.

रस्ता तसा ऐसपैस. स्टेशनाकडून धानगिरण्यांकडे जाणारा. भरल्या गाड्यांनी एका अंगाने जावं, रिकाम्या गाड्यांनी दुसऱ्या अंगाने यावं, म्हणून दोन गाडीवाटा केलेल्या आणि दोन्हींच्या मधे लांबच लांब पट्टा सोडलेला. ज्याने ही आखणी केली त्याच्या मनात तिथे झाडं असतील, सावली असेल. पण वाटांवर भर घालायला माती कमी पडली तेव्हा ती त्याच पट्ट्यातून उकरली, आणि काम संपल्यावर सगळे आपापल्या घरी गेले. मागे राहिला तो खड्डा. गिरण्यांतली तुसाची काळी राख त्यात, इंजिनातला जळका कोळसा त्यात, फुटकी मडकी त्यात, मेलेलं मांजरही त्यातच. आमच्या ओळीतल्या बाया अलीकडून केर टाकायच्या, समोरच्या ओळीतल्या पलीकडून. दोन ओळींचा एकमेकींशी व्यवहार काय तो एवढाच. अलीकडे आम्ही झाडीपट्टीतली माणसं, पलीकडे गिरण्यांत कामाला आलेली रायपूर-डोंगरगडकडची. त्यांचं पाणी आम्हाला चालत नसे, आमचं त्यांना. विहिरीसुद्धा दोन होत्या. भादव्यात खड्ड्यात पाणी साचे, डासांचे थवे उठत, आणि मग दोन्ही ओळींत माणसं गोधड्या घेऊन कुडकुडत पडत. हिवतापाला तेवढी अलीकड-पलीकड ठाऊक नव्हती.

घरात आम्ही तिघं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. मालक रेल्वेत तारबाबू. कोणी रजेवर गेलं की त्याच्या जागी यांना पाठवत. आज दरेकसा, परवा आणखी कुठे. आठवड्यातून एखादा दिवस घरी येत, जेवत, झोपत, आणि बोलत तेही तार करावी तसं, नेमक्या शब्दांत. माणूस वाईट नव्हता. पण दिवसभर त्याच्या येण्याची वाट पाहावी आणि आल्यावर त्याने "भाजी बरी" म्हणून पान उचलावं, याला संसार म्हणायचं हे कळायला मला वेळ लागला. उरले मामाजी. माझे सासरे. शेत थोरल्या भावाच्या हवाली करून मुलाच्या नोकरीपायी शहरात येऊन पडलेले. सुनेशी काय बोलणार? ते ओसरीवर, मी चुलीशी. भिंतीवर पाल चुकचुकली तरी घरात कोणीतरी बोललं असं वाटायचं.

एकटेपणाबद्दल लोक फार मोठं बोलतात. मला तेव्हा जे वाटत होतं ते अगदी लहान होतं. आज काय शिजवलं हे मला कोणी विचारत नव्हतं.

संक्रांत झाली, मातीचे दिवस आले, आणि मामाजी अस्वस्थ झाले. जन्मभर या दिवसांत ज्याच्या डोक्यावर टोपली होती त्या माणसाचे हात नुसते कसे राहणार? ओसरीवरून उठत, खड्ड्याच्या काठाशी उभे राहत, पुन्हा येऊन बसत. एक दिवस त्यांनी आमच्या ओळीतल्या चार माणसांना बोलावलं आणि समोरच्या ओळीतल्या चौघांनाही. समोरचे रस्त्यातच उभे राहिले, ओसरी चढले नाहीत. मामाजींनीही चढा म्हटलं नाही.

"खड्डा बुजवू," मामाजी म्हणाले. "घरटी टोपली लावू. दोनी ओळीनं टाकाची. आन् बुजवून सोडाचा नाई, वरतं पार घेऊ. मंग कोनी कचरा टाकनार नाई. पारीवर कोनी कचरा टाकत नाई."

समोरचा एक मुनीम हसला. "बुढऊ, बीच सड़क में तालाब बनाओगे क्या?"

"तरा नाई. तऱ्याची पार."

"और पानी?"

"पानी कायले पायजे?" मामाजी चिडले. "डास पैदा कराले?"

पाण्याशिवाय पाळ, ही गोष्ट त्या दिवसापासून गोंदियात हसण्याचा विषय झाली. पण हसता हसता माणसं कामाला लागतात, तसं झालं. मामाजी नाक्यावर जाऊन बसू लागले. धान घेऊन येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला सांगत, पुढच्या खेपेला गाडीच्या मागच्या अंगाला तुझ्या गावच्या तळ्याचा गाळ टाकून आण. गाडीवान थट्टा करत, पण आणत. तळ्याच्या गाळाला नाही म्हणणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा आहे. बोदलकशाकडची गाडी आली, सडकअर्जुनीकडची आली. सकाळी दार उघडावं तर रस्त्याच्या कडेला काळ्या, ओलसर मातीचे ढीग, आणि सगळ्या गल्लीत तो वास. मी ओळखीचं काही सापडतं का म्हणून प्रत्येक ढिगाजवळ थोडी रेंगाळायची. नवेगावची माती मात्र कधी आली नाही. तिकडचं धान आगगाडीने यायचं, आणि आगगाडीत गाळ कोण भरणार?

आमच्या घरांत नव्या सुनेची टोपली पाळीवर पडावी लागते. ती पडेपर्यंत ती त्या गावची होत नाही. माझी राहूनच गेली होती. मी गोंदियात आणि पाळ मामाजींच्या गावी. मामाजींनी नारळ फोडला, पावडा मारून पहिली टोपली भरली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "टाक वो बाई. इथचीच हो आता." मी टोपली उचलली. इतकी जड टोपली मी माहेरी कधी उचलली नव्हती, किंवा तेव्हा रडू येत नव्हतं म्हणून हलकी वाटली असेल. खड्ड्यात माती पडली, राखेचा काळा ढग उठला आणि मी नखशिखांत काळी झाले. समोरच्या काठावर एक बाई खदखदून हसली.

ती दुलारी. गिरणीतल्या मिस्त्रीची बायको. बुटकी, गोल चेहऱ्याची, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेलं.

पाळीची माती नुसती टाकून भागत नाही, ती तुडवावी लागते. पाणी शिंपायचं आणि बायांनी दोन रांगा करून, समोरासमोर उभं राहून, पायांनी दाबत पुढे सरकायचं. पुरुषांनी मागून जड धुमस मारून ती ठोकायची. आमची रांग अलीकडच्या काठाने, त्यांची पलीकडच्या काठाने, आणि मधे ओली माती. माझ्यासमोर दुलारी आली. तुडवायच्या आधी तिने पायातल्या जाड पैऱ्या काढून पदरात बांधल्या. पाऊल टाकलं की त्या कमरेशी वाजत. मी तिच्या हाताकडे पाहत होते.

"का देखथस?" तिने विचारलं.

"हातावरचं पाहून राहिली."

"गोदना ए बहिनी. मरे के बाद इही भर संग जाथे." मेल्यावर गोंदणच तेवढं सोबत येतं, म्हणाली. आणि मग सहज, जसं काही रोजच विचारते तसं, "आज का रांधे हस?"

काय रांधलंस, असं ती विचारत होती. मला सकाळी काय शिजवलं तेच आठवेना. "वांग्याची भाजी," मी शेवटी म्हणाले, आणि ती भाजी कशी केली, तेल किती घातलं, हे इतकं सविस्तर सांगितलं की माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काय वो, लग्नाचं जेवन सांगून राहिली का?"

त्या दिवसापासून शिमगा उलटून मोहाचा वास सुटेपर्यंत माझ्या सकाळी तिच्या होत्या. आम्ही फार मोठं काही बोललो नाही. माझी झाडीबोली, तिची छत्तीसगढी. निम्मं कळे, निम्मं तोंडाकडे पाहून भरून काढायचं. ती तळ्याला तरिया म्हणायची. तिच्या माहेरीही घरामागे एक होता, त्यात म्हशी डुंबत आणि तीही. आमच्याकडे म्हशींच्या तळ्यात मुलींना जाऊ देत नाहीत असं मी म्हटलं तर ती म्हणाली, मग मुली पोहायला शिकतात कुठे? तिचं एक मूल गेलेलं होतं. ते तिने एकदाच सांगितलं, पाय न थांबवता. डोंगरगडला जाणारी गाडी शिटी देई तेव्हा ती मान वळवायची.

"गाड़ी तो रोज जाथे बहिनी," ती म्हणायची, "मैंच नइ जावंव."

तिच्या माहेरच्या वाटेवर दरेकशाचा बोगदा. लहानपणापासून तिने त्याचं नुसतं ऐकलं होतं. लग्नात ती त्यातून आली तेव्हा डोक्यावर पदर होता आणि डोळ्यांत पाणी, दिसलं काहीच नाही. मी मालकांना विचारलं, बोगदा आतून कसा असतो? त्यांनी घास गिळला. "अंधार असतो," म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. ती इतकी हसली की रांग मोडली आणि मामाजी लांबून ओरडले.

कधी मी लाखोळीच्या डाळीचे वडे पदरात बांधून न्यायची, कधी ती मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि फुटाणे आणायची. काम थांबलं की मातीच्या ढिगावर टेकून आम्ही ते खायचो, एकमेकींच्या हातचं. मामाजींनी एकदा पाहिलं. माझ्या हातातला मुर्रा तोंडाशीच राहिला. ते दुसरीकडे तोंड करून म्हणाले, "पारीवर बसून खाल्लं तं चालते. पारीले जात नसते." दोन पावलं गेले आणि परत वळले. "घरात नोको आनू पन." आमचे मामाजी असे होते. दार उघडायचे, पण फळीभरच.

तेव्हा ध्यानात आलं नाही, पण तो पट्टा म्हणजे आमच्या दोघींचं सगळं जग होतं. तिच्या घरी मी जाऊ शकत नव्हते, माझ्या घरी ती येऊ शकत नव्हती. रस्ता ओलांडायला सुनेला कारण लागतं, आणि "मला तिच्याशी बोलायचं आहे" हे कारण कोणत्याच घरात चालत नाही. काम आहे म्हटलं की चालतं. आमची मैत्री कामावर रोजंदारीने उभी होती.

आणि काम फार चांगलं होत होतं. खड्डा भरला. वर पाळ उठली, गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी. हातात घेतलेलं काम अर्ध्यावर सोडणं आमच्या रक्तात नाही. एकदा माती टाकायला लागला की कोहळी माणूस वर पाहत नाही. दुसऱ्या कोणी तिथे चार झाडं लावून, दगडाची कड करून सोडून दिलं असतं. आम्ही पाळ घातली, दोन्ही बाजूंना उतार दिला, माथा सपाट केला. मुनीम हसायचा थांबला. त्याची बायकोही टोपली घेऊन येऊ लागली. मामाजींनी कुठून तरी निरगुडीच्या फांद्या आणल्या. निरगुडीची मुळं माती धरून ठेवतात, पाळीवर तीच लावायची. समोरच्यांनी मेंदीची कलमं आणली. शेवटच्या दिवशी मी अलीकडून निरगुडी खोचत गेले, दुलारी पलीकडून मेंदी. माथ्यावर आमची डोकी जवळजवळ टेकत होती. तिच्या केसांना करंजाच्या तेलाचा वास येत होता, आणि वाऱ्यावर कुठून तरी मोहाचा.

"अब का होही?" तिने विचारलं. आता काय?

"आता पानी येईल," मी म्हणाले. शेतकऱ्याची पोर दुसरं काय सांगणार?

पाणी आलं. निरगुडीला फुटायला निमित्तच लागत नाही. पोळ्यापर्यंत ती छातीएवढी झाली, मेंदी तिच्या पाठोपाठ. आधी दारात उभं राहिलं की दुलारी कमरेपासून वर दिसायची. ती हात हलवायची, मी हलवायची. मग नुसतं डोकं दिसू लागलं. मग डोकंही नाही. संध्याकाळी तिच्या चुलीचा धूर तेवढा पानांवरून वर यायचा, आणि त्यावरून मी ओळखायची की आज लाकडं ओली आहेत. त्या वर्षी भादव्यात खड्डा नव्हता, डास उठले नाहीत. अश्विनात दोन्ही ओळींत कोणी फारसं कुडकुडलं नाही. लोक लांबून पाळ पाहायला येत. निळ्या फुलांच्या तुऱ्यांवर मधमाश्या घोंघावत, पोरं पाळीवरून पळत, कोणी चुकूनही केर टाकत नसे. मामाजी संध्याकाळी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी घालून येत आणि दोन घास जास्त जेवत. सगळ्यांचं भलं झालं होतं. अशा वेळी कोणाला सांगणार की माझ्या दारासमोरून एक माणूस दिसेनासं झालंय?

आताच्या पोरींना हे पटत नाही. म्हणतात, आजी, वळसा घालून जायचं होतं की! पाळीच्या दोन्ही टोकांनी वाट होतीच. हो, होती. पुरुष जात होते. एका टोकाला धानगिरणीचं फाटक, दुसऱ्या टोकाला पानठेला. त्या पानठेल्यावरून एकटी सून गेली असती तर संध्याकाळपर्यंत मामाजींच्या कानावर चार गोष्टी आल्या असत्या, त्यातल्या तीन खोट्या. मी गेले नाही. मातीच्या दिवसांची वाट पाहत राहिले. पाळीवर दर वर्षी माती पडते. पुन्हा टोपल्या निघतील, पुन्हा समोरासमोर रांगा लागतील. एवढ्याच आशेवर मी तो पावसाळा आणि तो हिवाळा काढला. धान कांडताना, अंगण सारवताना तिला सांगायच्या गोष्टी मनात साठवून ठेवायची. बारीक-सारीकच. मांजरीला पिल्लं झाली. मालक या खेपेला तीन वाक्यं बोलले.

लाखोळी उपटून झाली. गाळाच्या गाड्या आल्या. मामाजींनी नारळ फोडला आणि मी टोपली घेऊन पाळीशी गेले तेव्हा मला कळलं, की या वर्षी रांगा लागणार नाहीत. पाळ इतकी उंच आणि दाट झाली होती की प्रत्येक ओळीने आपापल्या अंगाने माती टाकायची होती. अलीकडच्यांनी अलीकडे, पलीकडच्यांनी पलीकडे. पलीकडून बायांचे आवाज येत होते, धुमस ऐकू येत होती. मी हाक मारली, "दुलारी!" एक भरली गाडी खडखडत गेली. पुन्हा मारली. कोणी तरी काही तरी म्हणालं, कळलं नाही. पानं नुसती हलली.

मी टोपली खाली ठेवली आणि पावडा उचलला.

पहिला घाव निरगुडीच्या मुळांवर बसला. दुसरा मातीत. उकरलेली माती टोपलीत भरून मी रस्त्यावर टाकली. पाळीवर टाकायच्या दिवसांत पाळीची माती काढत होते. आमच्याकडे एखाद्याचं वाटोळं व्हावं असा शाप द्यायचा तर "तुजी पार फुटो" म्हणतात. याहून वाईट शब्द आम्हाला ठाऊक नाही. शेजारच्या बाया जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणीतरी मामाजींकडे धावलं. ते आले ते धापा टाकत, खांद्यावरचा दुपट्टा जमिनीवर लोळतोय याचंही भान नाही.

"पार फोडून राहिली वो! कोहळ्याची पोर, आन् पार फोडून राहिली! काऊन? भूत लागलं का तुले?"

सासऱ्यासमोर मी तोवर मान वर करून बोलले नव्हते. "मामाजी," मी म्हणाले, "मले पलीकडचं काईच दिसत नाई. सालभर झालं. तुमी दिवसभर नाक्यावर, हे लाईनवर. मी कोनासंगं बोलू? मले करमत नाई मामाजी. अजिबात करमत नाई."

बाया इकडे तिकडे पाहू लागल्या. मी मात्र पाहत राहिले मामाजींकडे. वाटलं, आता हात उगारतील, नाहीतर उद्या नवेगावच्या गाडीत बसवून देतील. ते पाळीकडे पाहत होते. खालपासून वरपर्यंत, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाळीच्या एका अंगाला पाणी असतं आणि दुसऱ्या अंगाला शेतं. या पाळीच्या दोन्ही अंगांना माणसं होती. ते खाली बसले, मी उकरलेल्या जागी हात घातला.

"सांडवा," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "सांडवा ठेवाचा इसरलो ना मी! पार बांधलो आन् सांडवा नाई ठेवलो. पोट्टंबी इसरत नाई असं. जास्तीचं पानी जाईल कुठून?"

ज्यांना तळी ठाऊक नाहीत त्यांना सांगते. कोणतीही पाळ सलग बांधत नाहीत. एका जागी ती खाली ठेवतात, तो सांडवा. तळं भरलं की जादा पाणी तिथून निघून जातं. सांडवा नसेल तर तळं स्वतःच्याच भाराने पाळ फोडतं. आमचं घराणं सांडव्याची जागा हेरण्यासाठी नावाजलेलं होतं. समोर पाणी नव्हतं, म्हणून मामाजी विसरले.

त्यांनी माझ्या हातातून पावडा घेतला. "तू टोपल्या भर," म्हणाले. म्हातारा माणूस, पण असा खणू लागला की जणू पूर येऊन ठेपला होता. मी भरत गेले, नेऊन टाकत गेले. निरगुडीच्या तुटल्या मुळांचा उग्र वास येत होता. पाळ खचत गेली, मेंदीचं जाळं सुटलं, आणि पलीकडचा उजेड आरपार आला. मला दुलारीचं दार दिसलं.

दाराला कुलूप होतं. ओसरीवर वाळकी पानं साचली होती. पायरीवर कोणी पाऊल ठेवल्याचं दिसत नव्हतं.

पंधरवड्यापूर्वीची एक दुपार मला आठवली. मी अंगणात धान वाळू घातलं होतं आणि चिमण्या हाकलत बसले होते. मेंदीच्या शेंड्यांवरून एक बाज चाललेली दिसली, उलटी, चारही पाय आभाळाकडे. गाडी दिसत नव्हती, बैल दिसत नव्हते, माणूस दिसत नव्हतं. पानांवरून नुसती बाज डुलत डुलत स्टेशनाच्या दिशेने गेली. मी मनात म्हटलं होतं, कोणाचं तरी बिऱ्हाड हललं. आणि पुन्हा चिमण्यांकडे वळले होते.

मामाजी कंबर धरून उभे राहिले. कपाळावरून माती आणि घाम ओघळत होता. त्यांना इतकं खूष मी त्यानंतरही कधी पाहिलं नाही. फटीतून त्यांनी पलीकडे पाहिलं.

"मिस्त्रीचं घर नाई का वो ते? तुज्या त्या सोबतिनीचं?" ते म्हणाले. "कुलूप काऊन लागलं हाये?"

मी टोपली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"माहेरी गेली असन," मी म्हणाले.

"असं होय." त्यांनी पावडा पुन्हा मातीत घातला. "मंग ते येयाच्या आंधी चांगली रुंद करून ठेवू."